मदत हवी आहे : ओतकामावरील पीएच.डी.साठी मार्गदर्शक कसा शोधावा?

नमस्कार. माझी धाकटी बहीण मेकॅनिकलची एम.टेक. असून, बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत नोकरी करताना बिडाच्या ओतीव भागांत राहणाऱ्या वायुछिद्रांवर संशोधन करावे, असे तिच्या मनात आले आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय येथेच असले, तरी त्याचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक संलग्न महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांत विखुरलेले आहेत. प्राध्यापकांच्या नावापुढे ‘मटेरियल्स’ किंवा ‘मॅन्युफॅक्चरिंग’ एवढेच लिहिलेले आढळते (अशा शब्दांत काहीही मावते). त्यावरून वाळूचे साचे अथवा धातूचे घनीभवन यांवर प्रत्यक्ष काम कोण करते, हे उमगत नाही. केवळ शोधनिबंधांच्या शीर्षकांवरून निवड करावी, की आधी विभागात जाऊन प्रयोगशाळा पाहावी? तिला नोकरी सोडता येणार नसल्याने, अर्धवेळ संशोधन केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.