आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादात वकिली करायची असेल, तर मुंबईतल्या वकिलाने सुरुवात कुठून करावी?

नांदेडकर_वकील

नमस्कार. पाच वर्षांपासून मी मुंबई उच्च न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या चेंबरमध्ये काम करतो. आमच्याकडे १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ९ खालील अंतरिम दिलाशाचे अर्ज आणि कलम ३४ खाली निवाड्याला आव्हान देणाऱ्या याचिका सतत असतात. म्हणजे लवाद सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा भाग मी रोज पाहतो. मधला भाग, म्हणजे कोर्टाऐवजी वाद सोडवण्यासाठी नेमलेल्या लवादासमोरची प्रत्यक्ष सुनावणी, मात्र दोनच देशी प्रकरणांत पाहिला, आणि तोही निवृत्त न्यायमूर्तींसमोर, कोर्ट सुटल्यावर संध्याकाळी दोन-दोन तास बसून.

गेल्या वर्षी सिंगापूरच्या एका लवादाचा निवाडा भारतात अंमलात आणण्याचे काम आले. तो सव्वाशे पानांचा निवाडा वाचताना प्रथमच वाटले की हे काम आपल्याला करायला आवडेल. परदेशात एलएल.एम. ही कायद्याची पदव्युत्तर पदवी करायची तर मोठे कर्ज काढावे लागेल, आणि वडील आता निवृत्त झाले आहेत. ती पदवी खरोखर अनिवार्य आहे का, आणि या क्षेत्रातील कनिष्ठ वकिलाचे रोजचे काम नेमके काय असते, हे जाणकारांनी सांगावे.

मॅक्सवेल_रोड

मी सिंगापूरमध्ये एका फर्मच्या भारतविषयक विभागात काम करते. भारतीय पक्षकार येथील लवाद केंद्राकडे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने येत असल्यामुळे असे विभाग अनेक फर्ममध्ये आहेत, आणि आपल्यासारख्यांना पहिला प्रवेश बहुधा तेथूनच मिळतो.

रोजच्या कामाविषयी स्पष्टच लिहिते, कारण बाहेरून त्याचे चित्र फार चकचकीत दिसते. माझे पहिले आठ महिने एका वीजप्रकल्पाच्या वादातील ई-मेल वाचण्यात आणि त्यांतून घटनाक्रमाचा तक्ता तयार करण्यात गेले. तारीख, कोणी कोणास लिहिले, काय लिहिले, कागद कोणत्या खंडात आहे, एवढेच रकाने. त्या ढिगात मुदतवाढीच्या मागणीला मालकाच्या अभियंत्याने दिलेले एका शब्दाचे उत्तर मला सापडले: ‘नोटेड’. तो होकार होता की नुसती पोच, यावर पुढे सुनावणीत जवळजवळ अर्धा दिवस उलटतपासणी चालली. बोलले आमचे वरिष्ठ, मी मागे बसून पान क्रमांक पुढे सरकवत होते. पण तो कागद मी वाचला नसता तर तो अर्धा दिवस उगवलाच नसता.

कोर्टातून येणाऱ्या वकिलाला येथे तीन गोष्टी जड जातात. साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेली साक्ष, बहुतेक लेखी निवेदनातूनच झालेली असते, त्यामुळे सुनावणीत थेट उलटतपासणी सुरू होते. दोन्ही पक्षांना मोजून वेळ मिळतो, आणि फापटपसारा केला तर तो आपल्याच तासांतून वजा होतो. ‘पुढची तारीख द्या’ असे म्हणण्याची सोय नाही. तिसरी गोष्ट समोरच्या पक्षाकडून कागद मागण्याची. प्रत्येक मागणी तक्त्यात मांडायची, ती प्रकरणाशी कशी संबंधित आहे ते लिहायचे, समोरचा हरकत नोंदवतो, त्यावर आपण उत्तर देतो, आणि शेवटच्या रकान्यात लवादाचा आदेश येतो. हा तक्ता नीट भरता येणारा कनिष्ठ वकील कोणत्याही फर्मला हवाच असतो.

पदवीविषयी: जिनिव्हा, लंडनचे क्वीन मेरी आणि येथील राष्ट्रीय विद्यापीठ येथे लवादाचे चांगले अभ्यासक्रम आहेत, पण पदवीने दार किलकिले होते, एवढेच. सिंगापूरमधील लवादात बाजू मांडण्यासाठी स्थानिक सनद लागत नाही; नोकरी देणारा आणि त्याच्यामार्फत मिळणारा परवाना मात्र लागतो. शिष्यवृत्ती नसेल तर केवळ पदवीच्या भरवशावर कर्ज काढू नये, असे माझे मत आहे. त्यापेक्षा लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सचे सदस्यत्वाचे अभ्यासक्रम काम सांभाळून करता येतात.

फोर्टातला_जुना

वरील प्रतिसाद उत्तम आहे. फक्त त्यातून ‘काम सिंगापुरातच आहे’ असा अर्थ निघू नये. १९९५ साली राज्य सरकारने दाभोळ वीजप्रकल्पाचा करार रद्द केला तेव्हा कंपनीने लंडनमध्ये लवाद सुरू केला होता, आणि असे वाद म्हणजे परदेशी फर्मचेच काम अशी इथल्या बहुतेकांची समजूत होती. आज चित्र वेगळे आहे. मुंबईत २०१६ पासून स्वतःचे आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. लवादाची सीट, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्थान, परदेशात असली तरी, उभय पक्षांनी उलट ठरवलेले नसेल तर, २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ९ चा अर्ज आपल्या उच्च न्यायालयात करता येतो. शिवाय दोन भारतीय कंपन्याही परदेशी सीट निवडू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केले.

नांदेडकर, तुम्ही ज्याला ‘आधीचा आणि नंतरचा भाग’ म्हणता, तेच तुमचे भांडवल आहे. निवाडा कोर्टात कोठे फाटतो हे तुम्ही रोज पाहता. पक्षाला म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नाही, लवादाने सोपवलेल्या विषयाबाहेर जाऊन निर्णय दिला, लवादाची रचना कराराप्रमाणे झाली नाही: कलम ४८ खाली परदेशी निवाड्याविरुद्ध घेतल्या जाणाऱ्या हरकती प्रामुख्याने अशाच असतात, आणि परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीविषयीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे इतर सदस्य देशांतही जवळपास याच असतात. ज्याने असे फाटलेले निवाडे हाताळले आहेत, तो लवाद चालू असतानाच कोणती हरकत तिथल्या तिथे नोंदवून ठेवायची हे ओळखतो. नुसती पदवी घेऊन आलेल्या मुलांना हे सहसा सुचत नाही. वर्षातून दोन अर्ज स्वतः लिहा, वरिष्ठांकडून ते खोडून घ्या, आणि सीट परदेशात असलेली प्रकरणे मुद्दाम मागून घ्या.

बार_चार्ट

मी वकील नाही, स्थापत्य अभियंता आहे. बांधकामाच्या वादांत विलंबाचे विश्लेषण करून तज्ज्ञ साक्ष देतो. एवढेच सुचवतो की प्रकल्पाचे वेळापत्रक वाचायला शिका. कोणते काम रखडल्याने सगळा प्रकल्प रखडला आणि कोणते रखडले तरी फरक पडला नाही, हे ज्या वकिलाला तक्त्यावर बोट ठेवून दाखवता येते, त्याच्या उलटतपासणीत मला घाम फुटतो. असे वकील मला आजवर मोजकेच भेटले.

नांदेडकर_वकील

सर्वांचे आभार. कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवतो. एक शंका उरते: माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. इंग्रजी मसुदा लिहिताना मी अजूनही आधी मराठीत विचार करतो. इतक्या लेखी कामात ती अडचण ठरेल का?

मॅक्सवेल_रोड

वाक्ये छोटी ठेवलीत तर नाही ठरणार. ज्यांच्यापुढे आपण लिहितो त्या लवादाच्या तीन सदस्यांपैकी एखाद्याची मातृभाषा फ्रेंच किंवा कोरियन असते, आणि त्यांनाही अलंकारिक इंग्रजीचा कंटाळाच येतो. उलट, महाराष्ट्रातील एका प्रकल्पाच्या वादात साइटवरील रोजनामचा आणि ग्रामपंचायतीशी झालेला पत्रव्यवहार मराठीत होता. अनुवादकाने ‘काम बंद पाडले’ याचे भाषांतर ‘काम बंद केले’ असे करून ठेवले होते. काम कोणी थांबवले यावरच तो दावा उभा होता, आणि आमच्या चमूत ती चूक फक्त मला दिसली.

ज्या निवाड्याचा आपण उल्लेख केला त्याचाच घटनाक्रमाचा तक्ता करून पाहा, पक्षकारांची नावे आणि ओळख पटेल असा सर्व मजकूर वगळून, आणि वरिष्ठांची परवानगी घेऊन. वीस ओळी झाल्या की मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. मी वाचून खुणा करून देईन.