आई-बाबा येताहेत, त्या विमानात कोणी आहे का?

खिडकीजवळचा (धागाकर्ता, म्हणजे ही चर्चा सुरू करणारा)

एप्रिल उजाडला की परदेशातल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॅप गटांवर एकाच साच्यातले निरोप सुरू होतात. "आई-बाबा १४ तारखेला मुंबईहून निघताहेत, दोह्यात विमान बदलायचंय, पहिलाच प्रवास, इंग्रजी जेमतेम. त्या विमानात कोणी आहे का? फक्त सोबत हवी." खाली जोडलेले हात.

माझं मत सांगतो, कोणाला लागलं तर लागू दे. ही पद्धत बंद व्हावी.

शेजारच्या आजींना पट्टा लावता येत नसेल तर लावून देणं, वरच्या कप्प्यातली पिशवी काढून देणं, समोरच्या स्क्रीनवर मराठी सिनेमा शोधून देणं, यात काहीच विशेष नाही, आपण सगळेच करतो. पण ते त्या वेळी, तिथल्या तिथे, आपल्याला जमतंय म्हणून. आठवडाभर आधी माझा सीट नंबर विचारून, आई-बाबांचा फोटो पाठवून "तुमच्या भरवशावर पाठवतोय हं" म्हटलं की ती मदत राहत नाही, ड्यूटी होते. उद्या त्यांचं पुढचं विमान चुकलं किंवा औषधं चेक-इनच्या बॅगेत गेली तर रात्री तीनला फोन कोणाला येणार? मला. ज्यांना मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी.

शिवाय "फक्त सोबत" कधीच फक्त सोबत नसते. निघायच्या आदल्या दिवशी हळूच येतं, "आईचं सामान दोन किलो जास्त होतंय, तुमच्या बॅगेत जागा आहे का?" विमानात बसल्यावर, "काका मागे मधल्या सीटवर आलेत, तुम्ही तिकडे जाता का?" नाही म्हटलं तर आपण वाईट.

विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागता येते, तिचे पैसे पडत नाहीत. ती मागा, आणि अनोळखी माणसाला सुखाने झोपू द्या.

सनीव्हेलची सई

तुमच्या घरी सगळ्यांना इंग्रजी येत असणार, त्याशिवाय इतकं निवांत लिहिता येत नाही.

माझी आई तासगावची. सातवी शिकलेली, व्यवहाराला पक्की, बाजारात तिला कोणी फसवू शकत नाही. पण पहिल्या खेपेला व्हीलचेअर लावली होती, तेव्हा मधल्या एका मोठ्या विमानतळावर तिला खुर्च्यांच्या रांगेत आणून सोडलं आणि "वेट" एवढाच शब्द सांगून माणूस निघून गेला. बाथरूमला उठलं तर खुर्ची जाईल, तो माणूस शोधत येईल, विमान चुकेल, या धास्तीने ती तशीच बसून राहिली. पाणीसुद्धा प्यायली नाही. हे तिने मला पोचल्यावर नाही, तब्बल महिन्याने सांगितलं.

दुसऱ्या खेपेला मी गटावर विचारलं. सोलापूरकडची एक मुलगी त्याच विमानात होती. दोह्यात ते भलंमोठं पिवळं अस्वल आहे ना, डोक्यातून दिवा आलेलं, त्याच्यापाशी तिने आईला उभं केलं, स्वतःच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, "काकू बोला, तोवर मी गेट बघून येते." एवढंच. सीट बदलली नाही, सामान घेतलं नाही. त्या मुलीला ही ड्यूटी वाटली असेल तर तिने तसं कळू दिलं नाही.

ठाणेकर चिंतामणी

सामानाच्या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने, आणि त्यात तडजोड नाही.

काउंटरवर "बॅग स्वतः भरली का, कोणी काही दिलंय का" असं विचारतात ते गंमत म्हणून नव्हे. २०१९ साली दोह्याला गेलेल्या मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात, नातेवाइकाने दिलेल्या पाकिटात, चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटायला २०२१ उजाडलं. आणि देणारा सख्ख्या नात्यातला होता, व्हॉट्सॅप गटावरचा नव्हे.

बरं, देणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी घोटाळा होतोच. आपल्या घरात अनारशांसाठी असणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत न्यायला बंदी आहे, पकडली तर थेट अमली पदार्थांचं प्रकरण. सुकं खोबरं भारतातच २०२२पासून चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका असतो म्हणून. अमेरिकेत खाण्याच्या वस्तू जाहीर केल्या नाहीत तर दंड बॅग ज्याच्या नावावर आहे त्याला. "फक्त मसाला आहे हो" म्हणणाऱ्या काकू तेव्हा कन्व्हेयर बेल्टपाशी स्वतःची बॅग शोधत असतात.

माणसाला सोबत जरूर करा. त्याच्या पिशवीला नाही.

मेधा ग.

धागाकर्ते, "व्हीलचेअर मागा" हा सल्ला मला तुमच्या लेखात सगळ्यात जास्त खटकला.

आपल्याकडे धडधाकट चालणारे कितीतरी ज्येष्ठ व्हीलचेअर घेतात, ते पाय दुखतात म्हणून नाही, तर रस्ता दाखवायला माणूस मिळतो म्हणून. त्यांचा दोष नाही, दुसरी सोयच नसते. पण खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसं मोजकीच असतात. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेल्या ऐंशी वर्षांच्या प्रवाशाच्या वाट्याला खुर्चीच आली नाही. नवरा-बायको दोघांनीही मागितली होती, मिळाली एक. बायको खुर्चीत, हे चालत. इमिग्रेशनपर्यंत पोचले, कोसळले आणि गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला.

म्हणजे गेट नंबर वाचून देणारी सोबत मिळाली तर एक खुर्ची खऱ्या गरजवंतासाठी मोकळी होते. तुम्ही बरोब्बर उलटं सुचवताय.

खिडकीजवळचा

मेधाताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं, मुद्दा बिनतोड आहे. पण त्यावर उपाय मी फुकट राबणं हाच कसा? मुंबईला पैसे भरून माणूस घ्यायची सोय आहे, 'प्रणाम' नावाची. बाहेरच्या मोठ्या विमानतळांवरही अशा सेवा असतात. तिकिटाला लाख-सव्वा लाख घालणाऱ्याने वर आणखी थोडे टाकावेत. वाढदिवसाला हॉल घेतो तेव्हा शेजाऱ्याला खुर्च्या लावायला बोलवत नाही ना आपण?

सनीव्हेलची सई

तुमच्याकडे बोलवत नसतील. तासगावात अजून येतात, न बोलवता.

पूर्वी केबिनमध्ये

मी बरीच वर्षं हवाई सेविका होते, आता जमिनीवर आहे. सीटबद्दल दोन शब्द.

लहान मुलांचा प्रश्न आता कागदावर तरी सुटलाय. एप्रिल २०२४पासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावरच्या) आई, वडील किंवा पालकाशेजारी जागा द्यायची असा महासंचालनालयाचा आदेश आहे. ज्येष्ठ जोडप्यांसाठी असं काही नाही. तिथे सगळं भिडेवर चालतं. ज्याने पैसे भरून खिडकी घेतलीय तो नाही म्हणाला तर त्याच्याकडे डोळे वटारून बघू नका. मागायचीच असेल तर तोडीस तोड सीट देऊ करा, आणि आपसात उठाबशा काढण्याआधी क्रूला सांगा.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. विमानातल्या बाथरूमचं दार. घडीचं असतं, मधोमध दाबलं की आत दुमडतं. पहिल्यांदा आलेले आजोबा मूठ शोधत उभे राहतात, मागे रांग वाढते, ते ओशाळतात आणि परत जागेवर जाऊन बसतात. पुढचे आठ-नऊ तास. काहीजण आत जातात पण कडी लावत नाहीत. कडी सरकवल्याशिवाय आतला दिवा पूर्ण लागत नाही, मग अंधारातच. आम्ही ट्रॉलीत अडकलेलो असतो, प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही. अशा वेळी एखादा प्रवासी उठतो, काही न बोलता दार दाबून दाखवतो, कडी सरकवून दाखवतो आणि बाजूला होतो. धागाकर्ते म्हणतात ती 'तिथल्या तिथे' मदत हीच. फक्त अडचण अशी की ती नशिबावर असते. त्या रांगेत असा माणूस नसला तर नसला.

डॉक्टर रजेवर

जबाबदारीची भीती जरा जास्त होतेय. विमानात "कोणी डॉक्टर आहे का?" ही घोषणा ऐकून मी उठलेलो आहे, त्यामुळे यावर वाचलंय. २०१३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात साधारण ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय अडचण असं प्रमाण निघालं, आणि जवळपास निम्म्या वेळा मदतीला प्रवाशांतलाच कोणी डॉक्टर होता. अमेरिकेने तर १९९८मध्येच कायदा करून ठेवलाय की सद्हेतूने मदत करणाऱ्या डॉक्टरला, ढळढळीत निष्काळजीपणा नसेल तर, कोर्टात खेचता येणार नाही. जिवाशी खेळ असतो तिथेही जग एवढं समजून घेतं. गेट नंबर सांगणाऱ्यावर कोण खटला भरणार?

मात्र मुलामुलींना एक विनंती. सोबत शोधायच्या आधी आई-बाबांच्या औषधांची यादी इंग्रजीत, मूळ घटकांच्या नावांसकट, त्यांच्या खिशात ठेवा. "ती पांढरी छोटी गोळी, सकाळची" एवढ्यावर तीस हजार फुटांवर मला काही करता येत नाही.

बोरीबंदर

सगळी चर्चा वाचली. छान चाललीय, पण फार घरगुती आहे.

मुंबईहून रियाध, दमाम, मस्कतला विमानं जातात, त्यांत पहिल्यांदाच देश सोडणारे मजूर असतात. गवंडी, फिटर, ड्रायव्हर. इंग्रजी त्यांनाही येत नाही, तेही घाबरलेले असतात, पण त्यांच्यासाठी कुठल्या मंडळाच्या गटावर जोडलेले हात पडत नाहीत. पूर्वी भारतातून निघताना फॉर्म भरावा लागायचा, १ जुलै २०१७पासून तो बंद झाला. तोवर इमिग्रेशनच्या अलीकडे रोजचं दृश्य होतं. कोणीतरी पेनवाला दिसला की चौघं-पाचजण पासपोर्ट उघडून त्याच्याभोवती उभे. काहीजण सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायचे, स्वतःची रांग सोडून. आणि काहीजण पेन खिशात घालून टाकायचे. ते दुसरेही बहुतेक आपल्यातलेच, घरी फोन करून "आईला सोबत मिळाली का" विचारणारे.

'मराठी कुटुंब असेल तर उत्तम' असं त्या निरोपांत लिहिलेलं असतं. मला सोबत मागण्याचा राग नाही. ती आपल्यातच फिरते, याचा आहे.

सनीव्हेलची सई

बोरीबंदर, भाषा येत नाही म्हणून तर मराठी माणूस शोधतो! यात भेदभाव कुठला आला?

बोरीबंदर

आई तुमची तासगावची, सोबत हिंदी येणाऱ्या कानपूरच्या माणसाची चालली असती की. विचारलं होतं?

नाना, महाड

नमस्कार. मुलीने ही चर्चा पाठवली. तुम्ही ज्यांच्याविषयी बोलताय तो 'आई-बाबा' मी. वय ७४.

माझी नोकरी एस.टी.त झाली. आधी वरंध घाटातून कंडक्टर, शेवटी डेपोत वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे लोकांना सांगण्यात उमर गेली. तेव्हा गेट नंबर मला वाचता येतो. तरी मुलीने मला न विचारता सोबत शोधली. मुलगा खरोखर गुणी होता, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण त्याने मुंबईलाच माझा पासपोर्ट घेऊन स्वतःच्या पाऊचमध्ये ठेवला. मला जेवण काय हवं ते हवाई सुंदरीने त्याला विचारलं आणि त्याने सांगून टाकलं. शाकाहारी. मी कोकणातला माणूस हो!

पुढे समुद्रावर विमान हलायला लागलं. मुलगा पांढराफटक. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसला. मला काही वाटेना, पावसाळ्यात वरंध घाटात याहून जास्त हलतं. त्याला आवळा सुपारी दिली आणि आमच्या डेपोतल्या गोष्टी सांगत बसलो. तासाभराने त्याला झोप लागली. आता त्या प्रवासात कोणी कोणाला सोबत केली हे मुलीला विचारलं तर ती विषय बदलते.

खिडकीजवळचा

नाना, माझ्या मुद्द्याला याहून भारी साक्षीदार मिळायचा नाही!

नाना, महाड

थांबा, घाई करू नका. तो मुलगा नसता तर माझा तो प्रवास कंटाळवाणा गेला असता. मला सोबत हवीच होती. राखण नको होती.

मेधा ग.

मग नाना, शेजारी बसणाऱ्याने नेमकं करावं तरी काय?

नाना, महाड

बॅग वर ठेवून द्यावी, खांदा दुखतो. बाथरूमच्या दाराचं त्या ताईंनी लिहिलंय ते आधी सांगावं, मला ते कळायला फार वेळ लागला. पासपोर्ट माझा माझ्याकडे राहू द्यावा. आणि माझ्याशी बोलताना आवाज चढवू नये. इंग्रजी कमी येतं, ऐकू चांगलं येतं.