‘पुस्तकं हाताशी ठेवा, लेखन आपोआप येईल’? येत नाही हो!

मांडवीचा_मास्तर

काल इथे घरी शिकणाऱ्या मुलांवर एक पोस्ट आली. तिचा सारांश असा: नऊ ते अकरा वयाच्या मुलांना लिहायला बसवू नका, घरात पुस्तकं पसरून ठेवा, वाचनाची गोडी लागली की लेखन आपोआप उमलतं, श्रुतलेखन-शुद्धलेखन हा शाळांनी लावलेला छळ आहे. खाली लाल बदामांची रांग. ‘उमलतं’ वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय. वेळ नसेल त्यांनी सरळ खालच्या भांडणाकडे जावं.

निवृत्त झाल्यापासून मी घरी शिकणाऱ्या काही मुलांना मराठी शिकवतो. सगळी तिसरी ते पाचवीच्या वयाची. वाचन बहुतेकांचं छान. जोडाक्षरं एकदा बसली की मराठीत मूल समोर येईल ते वाचतं. पण त्याच मुलाला म्हणा, ‘आत्ता वाचलीस ती गोष्ट पाच ओळींत लिही.’ मग वहीत येतं: ‘एक राजा होता मग तो जंगलात गेला मग त्याला वाघ दिसला मग तो घाबरला मग’. पूर्णविराम नावाला नाही. ‘कारण’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘जेव्हा’ हे शब्द त्या मुलाने असंख्य वेळा वाचलेले असतात. वाचताना ते लेखकाने निवडून ठेवलेले असतात. लिहिताना स्वतः निवडावे लागतात. हे काम वेगळं आहे आणि ते शिकवावं लागतं.

माझी रीत जुनीच. आधी गोष्ट तोंडी सांगायची. मग दोन सुटी वाक्यं: ‘पाऊस आला. आम्ही खेळत राहिलो.’ ती किती प्रकारे जोडता येतात बघ. ‘पाऊस आला तरी’ जमतं. ‘पाऊस आला म्हणून’ म्हटलं की मूल थबकतं, मग हसतं: ‘सर, मग पावसातच खेळायचं होतं असं वाटतं.’ झाला की व्याकरणाचा तास! त्यानंतर स्वतःच्या चार-पाच ओळी. दुसऱ्या दिवशी तीच वही उघडून आपलं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. जिथे दम लागतो तिथे पूर्णविराम हवा होता हे मुलालाच कळतं. श्रुतलेखन आठवड्यातून एकदा, तेही आदल्या दिवशी दाखवलेल्या उताऱ्याचं.

आपल्या बडोद्याच्या मुलांचं आणखी एक दुखणं आहे. रस्त्यावरच्या पाट्या गुजराती, मित्र गुजराती, त्यामुळे हाताला शिरोरेषेशिवाय लिहायची सवय. मराठीत शिरोरेषा गेली की ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक उरत नाही. ‘घर’ लिहिलंय की ‘धर’ हे लिहिणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. आता हे कुठल्या पुस्तकातून उमलणार?

घरशाळेची_आई

ती पोस्ट माझी होती. नाव न घेता ठोकलंत, आभार.

काका, माझी मुलगी शाळेत होती तेव्हा श्रुतलेखनाच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायचं. वही लाल गोळ्यांनी भरून यायची. तिने काय लिहिलंय ते कुणी वाचायचंच नाही, फक्त वेलांट्या मोजायचे. शाळा सोडल्यावर कितीतरी दिवस तिने पेन्सिलीला हात लावला नाही. आता ती बोलते आणि मी लिहून घेते. सूरसागर तळ्याच्या मधोमध उभा असलेला महादेव रात्री उतरून तळ्याभोवती फेरी मारतो, अशी लांबलचक गोष्ट तिने सांगितली. मी वाचून दाखवली तर म्हणाली, ‘आई, इथे तो दमला पाहिजे.’ तुमचं ते दुसऱ्या दिवशी वाचणं आमच्याकडेही होतं. फक्त हात माझा असतो. दहाव्या वर्षी हात आणि डोकं एकाच वेगाने चालत नाहीत. हाताने ‘द्ध’ काढेपर्यंत डोक्यातला महादेव घरी जाऊन झोपतो.

सेवउसळ

महादेवासाठी एक बदाम. मास्तरांसाठी अर्धा.

पुणे_ते_पादरा

मुद्दा शिरोरेषेचा नाहीच, ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. इकडची मुलं ‘लाडु’ लिहितात कारण गुजरातीत तसंच लिहितात. मराठीत शेवटचा उकार दीर्घ, ‘लाडू’. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून आहेत, १९७२ मध्ये चार वाढून अठरा झाले. अठरा नियम पाठ व्हायला किती वेळ लागतो? आणि इथल्या मोठ्या लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा…

सेवउसळ

आला. पुण्याहून आला.

पुणे_ते_पादरा

विनोद पुरे. ‘फूल’ दीर्घ पण ‘फुलाला’ ऱ्हस्व, हे पाचवीच्या मुलाला आलंच पाहिजे. माझ्या आईने आम्हाला रोज एक पान उतरवायला लावलं. कुणाच्या पोटात दुखलं नाही.

मांडवीचा_मास्तर

पादराकर, तुम्ही माझ्या बाजूने आहात हीच माझी अडचण आहे. नियम पाठ करून ‘फुलाला’ येत नाही. ‘फूल-फुलाला, मूल-मुलाला, पूर-पुरात’ अशा जोड्या मुलाकडून बोलून घेतल्या की कान धरतो. आणि एका वेळी एकच चूक बघायची. या आठवड्यात फक्त पूर्णविराम, बाकी सगळं माफ.

ताई, तुम्ही लिहून घेता ते चांगलंच आहे, मीही काही मुलांशी तसं करतो. पण हात तुमचा किती दिवस? राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (NIOS) ‘ब’ स्तराला, म्हणजे पाचवीच्या बरोबरीच्या परीक्षेला, पेपर ती लिहिणार की तुम्ही?

रावपुरा_जुना

मला मूळ गोष्टच खटकते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये संस्थानातल्या अमरेलीत सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. पोरं शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता! त्यांच्याच बडोद्यात आज शिकलेसवरलेले लोक पोरांना हौसेने शाळेतून काढतात. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेसाठी काय काय सोसलं. आज देशात ६ ते १४ वयासाठी शिक्षणाचा कायदा आहे, त्यात होमस्कूलिंग हा शब्दसुद्धा नाही.

सेवउसळ

रावपुरा दादा, आता इतिहास काढलाच आहे तर पूर्ण काढा. महाराज स्वतः कसे शिकले? नाशिककडच्या कवळाणे गावाहून १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे. तोवर शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, अक्षरओळख बडोद्यात आल्यावर. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं राजवाड्यात शिकले. म्हणजे बडोद्याचा सर्वांत मोठा होमस्कूलर कोण?

घरशाळेची_आई

😂😂 हे मी फ्रेम करून भिंतीवर लावते.

रावपुरा_जुना

लावा लावा. त्या भिंतीशेजारी इलियट साहेबही लावा! इंग्रज सरकारने नेमलेला शिक्षक, ठरलेलं वेळापत्रक, रोजचा अभ्यास, आणि १८८१ मध्ये कारभार हातात. सहा वर्षांत अक्षरओळखीपासून राज्यापर्यंत. ते ‘उमलले’ नाहीत, घासले गेले. तुमच्याकडे आहे का इलियट? सकाळी दहाला उठून ‘आज मुलाला काय करावंसं वाटतंय’ विचारणं म्हणजे राजवाड्यातलं शिक्षण नव्हे.

घरशाळेची_आई

माझ्या घरी किती वाजता उठतात ते तुम्हाला कुणी सांगितलं? नोकरी सोडून मुलीला शिकवते आहे. संध्याकाळी स्वयंपाक करताना तिचं वाचन ऐकते. हे असलं ‘दहाला उठून’ नेहमी आईलाच ऐकायला मिळतं, कुणा बाबाला नाही.

आणि महाराजांच्या नावाने बोलायचंच तर मध्यवर्ती ग्रंथालयही त्यांचंच. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन माणूस मुद्दाम बोलावून व्यवस्था लावली. माझी मुलगी तिथे तास न् तास बसते. तीच आमची शाळा.

रावपुरा_जुना

उठण्याचं शब्दात जास्त झालं, ते मागे घेतो. बाकीचं घेत नाही. ग्रंथालयं कशासाठी काढली? शाळेतून बाहेर पडलेली मुलं शिकलेली अक्षरं विसरू नयेत म्हणून. शाळेच्या जोडीला. शाळेऐवजी नव्हे.

कमाटीबाग_सकाळ

सगळे महाराजांपाशी अडकलात. माझा मुलगा दहाचा आहे, घरीच शिकतो. त्याने तिसराच मार्ग काढलाय, फोनला बोलून टाईप करतो. मजकूर छान असतो, पण पूर्णविराम एकही नाही, आणि ‘आणि’ जिकडे तिकडे. मी म्हटलं हाताने लिही, तर म्हणतो, ‘बाबा, तू ऑफिसात हाताने लिहितोस का?’ उत्तर सुचलं नाही. मास्तर, सुचत असेल तर द्या.

मांडवीचा_मास्तर

उत्तर सोपं आहे. बोलून टाईप केलेलं छापा आणि त्याच्या हातात पेन्सिल द्या. ‘हे तुझंच आहे, वाक्यं तोड.’ जिथे ‘आणि’ आहे तिथे काय हवंय: तोडायचं, की ‘कारण’, की ‘तरी’? हाताला काम थोडं, डोक्याला भरपूर. आणि हो, बोलणं आणि लिहिणं यांत फरक असतो हे त्याच कागदावर त्याला दिसेल.

ताई, तुम्हीही हेच करा. तुम्ही लिहून घेतलेला महादेव तिच्यापुढे ठेवा आणि शेवटच्या तीन ओळी तिला लिहू द्या. तीनच.

घरशाळेची_आई

म्हणजे माझीच पद्धत, वर तुमचा शिक्का.

मांडवीचा_मास्तर

म्हणा हवं तर. शिक्का फुकट देतो.

पुणे_ते_पादरा

आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी?

सेवउसळ

पादराकर, ‘उसळ’मध्ये ‘उ’ ऱ्हस्व की दीर्घ? माझ्या नावाचं प्रमाणपत्र हवंय.

पुणे_ते_पादरा

ऱ्हस्व. बरोबर लिहिलंय तुम्ही, आश्चर्य आहे.

घरशाळेची_आई

ठीक. रोज तीन ओळी तिच्या, तिच्या हाताने. शिरोरेषेचंही बघते, ‘घ’ आणि ‘ध’ची गडबड आहे खरी, गेल्या आठवड्यात ‘घागर’ म्हणून काहीतरी भलतंच आलं होतं. पण लाल पेन माझ्या घरात येणार नाही. आणि श्रुतलेखन तिने स्वतः मागितलं तरच.

मांडवीचा_मास्तर

दहाव्या वर्षी श्रुतलेखन कोण मागतं? उतारा तिला निवडू द्या. महादेवाच्या गोष्टीतलाच घ्या. हिरवं पेन चालेल का?

घरशाळेची_आई

पेन्सिल. आणि खुणा तीच करणार.

रावपुरा_जुना

तोडगा निघाला म्हणता? छान. माझा मुद्दा तसाच आहे. १९०६ मध्ये घरी शिकवणाऱ्याला दंडातून सूट होती की नव्हती, हे या धाग्यात अजून कुणी सांगितलेलं नाही.

सेवउसळ

दादा, ग्रंथालयात जा. सापडेल. ताईंची मुलगी तिथेच बसलेली असेल, तिला विचारा कपाट कुठलं.