मालिका लांबते तेव्हा: गुऱ्हाळ, चऱ्हाट, दळण की पीळ?

आमच्याकडे रात्री साडेआठला टीव्हीवर जे सुरू होतं त्याला घरातल्या चार माणसांचे चार शब्द आहेत. सासूबाई म्हणतात "माझं दळण लाव गं", नवरा म्हणतो "झालं का गुऱ्हाळ सुरू", लेक कानात हेडफोन कोंबत नुसतं "पीळ" म्हणते आणि मी, जी खरं तर सगळ्यात मन लावून बघते, वैतागले की म्हणते "काय चऱ्हाट लावलंय". परवा सगळ्यांनी एकदमच आपापला शब्द टाकला आणि मला प्रश्न पडला की आपण चौघं एकच बोलतोय का? म्हणून इथे विचारतेय.

आधी जरा केस सांगते. सध्या आम्ही ज्या मालिकेत अडकलोय तिच्यात डीएनए रिपोर्टचं पाकीट आलंय. सोमवारी पाकीट टेबलावर. मंगळवारी नायिकेने उचललं, तेवढ्यात दारात कोणीतरी, मग तीनदा चेहरा जवळ आणि तीनदा ढँण. बुधवारी पाकीट देव्हाऱ्यात, गुरुवारी खलनायिकेच्या पदराखाली, शुक्रवारी परत टेबलावर. काल मी घड्याळ लावून मोजलं, पाकिटाकडे नुसतं बघण्यात सव्वातीन मिनिटं गेली आणि त्यात एक वाक्य नाही. आज शनिवार.

तर याला म्हणायचं काय?

पाल्हाळ नाही म्हणता येणार. पाल्हाळ लावायला बोलावं लागतं. मुद्दा सोडून फाटे फोडत जाणारा माणूस निदान चार लोकांच्या चार भानगडी तरी सांगून जातो, इथे कोणी काही सांगतच नाहीये. "नमनाला घडाभर तेल" पण बसत नाही कारण मालिकांचं नमन फार चटपटीत असतं, पहिल्या पंधरा दिवसांत अपघात, लग्न, स्मृती जाणं सगळं उरकतं, तेल नंतर जळतं.

दळण म्हणजे मला वाटतं पुनरावृत्ती. जातं एका जागी, खुंटा गोल गोल, काल दळलं तेच आज. दर सणाला नायिकेने सजायचं, पूजेत काहीतरी सांडायचं, कोणीतरी "हा अपशकुन आहे" म्हणायचं, हे दळण. पण गंमत अशी की सासूबाईंच्या तोंडी तो शब्द शिवी नाहीच आहे. त्यांना तेच हवं असतं. रोजचं दळण रोज झालं पाहिजे.

गुऱ्हाळ आणि चऱ्हाट हे मात्र लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि ते मला खटकतं. गुऱ्हाळ खूप चालतं, मान्य, पण शेवटी गूळ निघतो. चऱ्हाट म्हणजे जाडजूड दोर, तो वळताना वाख संपत आला की नवा वाख जोडायचा आणि पुढे वळत राहायचं, मुळात त्याला शेवट असा नाहीच, तुम्ही थांबाल तिथे शेवट. म्हणून माझ्या मते संथ पण कुठेतरी पोचणारी मालिका ते गुऱ्हाळ आणि पाकीटवाली ती चऱ्हाट. चूक असेन तर सांगा.

—

ताई, गुऱ्हाळाबद्दल एकदम बरोबर पण एक दुरुस्ती. मी लहानपणी गुऱ्हाळावर रात्री काढल्यात. लोक समजतात तिथे काही घडत नाही म्हणून चर्चेचं गुऱ्हाळ म्हणतात. प्रत्यक्षात काहिलीत रस उकळत असतो, कोणी चुलवाणात चिपाडं सारत असतो, कोणी वर आलेली मळी काढत असतो आणि गुळव्याचा डोळा पाकावरून हलत नाही, कारण काहील दोन मिनिटं उशिरा उतरवली तर अख्खा पाक करपतो. काम चालूच असतं, वेळ असतो तो बाजूला शेकत बसलेल्यांना, गप्पा त्यांच्या. म्हणजे गुऱ्हाळ लावतात ते बघणारे, करणारे नाही. या हिशेबाने गुऱ्हाळ मालिकेचं नाही, तिच्यावर तासभर बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचं!

आणि ऊस निघालाच आहे तर अजून एक. मालिकेचं "पर्व" म्हणतात ना, त्या पर्वाचा मूळ अर्थ सांधा, गाठ. उसाचं किंवा बोटाचं "पेर" म्हणतो तो शब्द त्यातूनच आलाय. महाभारताची 18 पर्वं म्हणजे 18 पेरं. सीझनला पर्व हा शब्द ज्याने कोणी पहिल्यांदा वापरला त्याला माझा नमस्कार, कारण सीझन म्हणजे नुसता मोसम, पर्व म्हटलं की आधीच्याला जोडून आलेलं हे आपोआप कळतं.

—

पर्व आवडलं! पण मग "रात्रीस खेळ चाले"चं काय, दुसरं पर्व 2019 ला आलं त्यात पहिल्याच्या आधीची गोष्ट होती. ऊस बुडख्याकडे वाढला म्हणायचा का. (पण खरं सांगू, तेच पर्व जास्त रंगलं.)

आणि महाभारताचा विषय निघालाच आहे तर हिशेब करा, दूरदर्शनवर अख्खं महाभारत 94 भागांत बसलं होतं. आठवड्याला सहा भाग धरले तर सोळा आठवडे. इथे पाकीट एक आठवडा.

—

ते भाग पाऊण तासाचे होते हां, आत्ताचा अर्ध्या तासाचा भाग जाहिराती काढल्या तर वीस-बावीस मिनिटांचा. बत्तीस आठवडे धरा. तरी मुद्दा तोच राहतो म्हणा.

—

पीळ बद्दल कोणीच बोलत नाहीये. लेकीचा शब्द सगळ्यात अचूक आहे असं माझं मत. चऱ्हाट बनतं कसं, पीळ देऊन. म्हणजे आईचा शब्द तयार झालेल्या दोराचा आणि मुलीचा शब्द तो वळण्याच्या क्रियेचा, दोघी एकच बोलताय. फरक इतकाच की चऱ्हाटात मालिका पिळली जाते आणि "पिळतेय यार" म्हणताना आपण.

—

मी काही वर्षं मालिकांचे संवाद लिहिलेत म्हणून आतली बाजू सांगतो, शिव्या नंतर घाला. आमच्यात गुऱ्हाळ, चऱ्हाट वगैरे कोणी म्हणत नाही. आमचे शब्द म्हणजे ट्रॅक, हुक आणि बँक. ट्रॅक म्हणजे उपकथेचा पट्टा, तुमचं पाकीट हा एक ट्रॅक. हुक म्हणजे भागाच्या शेवटी तुम्हाला उद्यासाठी अडकवायचा गळ, तोच तो तीनदा ढँण. बँक म्हणजे शूट होऊन तयार असलेले भाग. बँक चार दिवसांची असली की सगळे निवांत, एका दिवसावर आली की सेटवर कोणी कोणाशी धड बोलत नाही. आणि मग काय होतं, पुढची गोष्ट वाहिनीकडून मंजूर होऊन आलेली नसते, मुख्य कलाकार एक दिवस आजारी असतो, भाग तर द्यायचाच असतो. अशा वेळी पाकीट देव्हाऱ्यात जातं. बघण्यातली सव्वातीन मिनिटं म्हणजे माझ्यासारख्या कोणाची तरी न लिहिली गेलेली दोन पानं आहेत.

आम्ही यासाठी एकच मराठी वाक्य वापरायचो, "पाणी घाल". आणि याचं उलटं गणित लोकांना माहीत नसतं. पडलेल्या मालिकेत पाणी कोणी घालत नाही, तिचा कार्यक्रम आटोपतात. गुरुवारी रेटिंगचे आकडे आले आणि एखादा ट्रॅक चाललाय असं दिसलं की वरून निरोप येतो की हे अजून दोन आठवडे चालवा. म्हणजे तुम्ही पाकिटाला जितक्या शिव्या घालत बघाल तितकं ते मिटलेलं राहणार. तुमच्या घरी रेटिंग मोजणारं मीटर असेल तर ताई, लांबवण्यात तुमचाही हात आहे!

—

मीटर नाहीये हो, नाहीतर सासूबाईंनी एकटीने वाहिनी तारली असती.

पण पाणी घालणे यावरून आठवलं, "डेली सोप"ला मराठीत शब्द काय? दैनंदिन मालिका फारच सरकारी वाटतं. सोप कुठून आला ते माहीत आहे, अमेरिकेत 1930 च्या दशकात रेडिओवर अशा श्रुतिका चालायच्या आणि साबण कंपन्या त्या प्रायोजित करायच्या म्हणून सोप ऑपेरा. आपला त्या साबणाशी काही संबंध नाही.

—

रतीब! रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या मापाने दारात येतो तो रतीब, दुधाचा असो की गोष्टीचा. "संध्याकाळचा रतीब घातला का" असं आमच्याकडे टीव्हीबद्दलच म्हणतात. आणि रतिबात पाणी घालण्याची परंपरा तर फारच जुनी, वेगळं सांगायला नको.

—

रतीब घेतला, आजपासून वापरणार. सहमत.

अवांतर विचारू का, "येऊ घातलेली मालिका" बरोबर की "आगामी मालिका"? नव्या प्रोमोंबद्दल लिहिताना मी नेहमी अडखळते.

—

अवांतर कसलं, विषयातलंच आहे. दोन्ही बरोबर पण मला "येऊ घातलेली"त एक जास्तीचा अर्थ दिसतो. आगामी म्हणजे तारीख ठरलेली, वेळ ठरलेली. येऊ घातलेली म्हणजे यायच्या बेतात आहे, तयारी दिसतेय, पण अजून आलेली नाही आणि कदाचित अडूही शकते. म्हणून "होऊ घातलेलं लग्न" हा प्रयोग मालिकांसाठीच जन्माला आलाय असं मला वाटतं. हळद लागते, मेंदी लागते, मुंडावळ्या बांधून होतात, अंतरपाट धरतात आणि तिथून पुढे तीन आठवडे लग्न होऊ घातलेलंच असतं.

प्रोमोंचं म्हणाल तर सध्या सगळेच "नवी गोष्ट, नवा प्रवास" म्हणतात. प्रवास या शब्दाचं इतकं वाटोळं दुसऱ्या कोणी केलं नसेल, घराच्या हॉलमधून स्वयंपाकघरात जायचा तो प्रवास. त्या मानाने "भेटीला येतेय" मला आवडतं, त्यात निदान पाहुण्याची अदब आहे. पाहुणा पाच वर्षं राहतो ते वेगळं. "चार दिवस सासूचे" 2001 ला आली ती 2013 पर्यंत होती, नावात चार दिवस असून.

माझं वैयक्तिक मत, नव्या मालिकेचे पहिले तीस भाग बघावेत, मस्त असतात, आणि मग सोडून द्यावी. मला जमलेलं नाही अजून.

—

लीप पण घ्या चर्चेला. "मालिकेने सात वर्षांचा लीप घेतला." काही जण उडी म्हणतात, एका बातमीत झेप वाचलं. झेप काय झेप, झेपेत पराक्रम असतो. मी तर तो मराठी शब्दच धरते, लिंपणे मधला लीप. गोष्टीला इतकी भोकं पडलेली असतात की वरून सात वर्षांचा एक हात फिरवायचा. पोरं मोठी, खलनायिका सुधारलेली, आणि जुन्या पाकिटाचं नाव कोणी काढायचं नाही.

—

लिंपणे हाहाहा. व्युत्पत्ती म्हणून शून्य मार्क, अर्थ म्हणून दहापैकी दहा.

मला "महाएपिसोड" सहन होत नाही. मागचा शब्द इंग्रजी आहे म्हणून नाही, तसे जोडशब्द आपण ढीगभर वापरतो. रविवारी दोन तास लावतात आणि त्यात महा असतात त्या फक्त जाहिराती. "विशेष भाग" म्हणायचे तेव्हा काहीतरी विशेष तरी करावं लागायचं.

आणि संपताना "मालिका निरोप घेणार" म्हणतात, त्याआधी दोन महिने तिला रात्री अकराला ढकललेली असते. तिथे "गाशा गुंडाळला" हाच शब्द योग्य. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. मुक्काम हलला की ते गुंडाळायचं. निरोप घ्यायला समोर कोणीतरी लागतं, अकराला कोण जागं असतं.

—

अकराला आमच्या सासूबाई जाग्या असतात.

असो, सगळ्यांचे आभार. नवऱ्याला गुळव्याचं वाचून दाखवलं, तो म्हणे मग आता मी कुठला शब्द वापरू, मी म्हटलं तू शेकत बसणाऱ्यांतला, तू गप्प बसायचं. लेकीला पीळ आणि चऱ्हाट एकच दोर आहे हे अजिबात पटलेलं नाही, तिच्या मते आईचा शब्द बोअर आहे. संवादलेखक दादांना एक विचारायचं होतं की न लिहिलेली दोन पानं नंतर कधी लिहिली जातात का, पण आता साडेआठ होतायत, आलेच.

—

पाकीट उघडलं. आत कोरा कागद.

मी म्हटलं, बघा, जोडला नवा वाख. सासूबाई मात्र खूश. म्हणतात, "चला, सोमवारचं दळण झालं."