लो बीमवर असूनही समोरचे डिपर मारतात

गेल्या महिन्यात हेडलाइटचे हॅलोजन बल्ब काढून एलईडी टाकले. तेव्हापासून समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर मारतो, आणि मी तर लो बीमवरच (खाली, जवळ पडणाऱ्या उजेडावरच) असतो! काल एक दुचाकीवाला डोळ्यांवर आडवा हात धरून रस्त्याच्या कडेला थांबलाच. फार वाईट वाटलं. काय करू?

उत्तर १: रिफ्लेक्टर (दिव्यातला आरशासारखा भाग) हॅलोजनच्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. एलईडीच्या चिप नेमक्या तिथे बसल्या नाहीत तर उजेड वर फुटतो. दिव्याचा कोन बदलणारा स्क्रू फिरवून हे जात नाही. कृपा करून जुने बल्ब लावा.

उत्तर २: आधी भिंतीवर बघा. सपाट जागी १० मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंमी खाली हवी. आणि डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक ० वरून पुढे फिरवायचं, म्हणजे उजेड खाली येतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं!

प्रश्नकर्ता: आत्ताच पाहिलं. कड अशी नाहीच, भिंतभर नुसतं पांढरं धुकं. जुने बल्ब डिकीत आहेत, रात्री निघायच्या आधी बसवतोय.