एका ताटावरून शेफला घरी पाठवायचं का? ('टॉप शेफ' बघणाऱ्यांसाठी, न बघणाऱ्यांनीही यावं)

कृष्णाकाठची, सांगली

गेले दोन महिने आमच्याकडं रात्रीची भांडी आवरली की 'टॉप शेफ' लागतं. लेक हॉटेल मॅनेजमेंटला आहे, सुट्टीत आली आणि आम्हा दोघांना ही सवय लावून गेली. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत ब्राव्हो वाहिनीवर २००६ पासून चालू असलेली स्पर्धा आहे. आपल्या मास्टरशेफ इंडियात २०१० साली पहिल्याच पर्वात पंकज भदौरिया शिक्षिकेची नोकरी सोडून आल्या आणि जिंकल्या, तसलं इथं नाही. इथं उतरतात ते सगळे पोटासाठी हॉटेलात स्वयंपाक करणारे. भागात आधी एक झटपट फेरी, मग मोठी फेरी, आणि मोठ्या फेरीत ज्याचं ताट सगळ्यांत पडेल त्यानं आपल्या सुऱ्या गुंडाळायच्या.

माझं भांडण आहे ते या सुऱ्या गुंडाळण्याशी. परीक्षक फक्त त्या दिवशीचं ताट धरतात. मागचे सहा आठवडे तुम्ही पहिले आला असाल, सातव्याला घसरलात की संपलं. आणि आळीपाळीनं खालून दुसरा-तिसरा येणारा गडी मजेत पुढं जातो.

दहाव्या पर्वात क्रिस्टन किश नावाची मुलगी आहे. 'रेस्टॉरंट वॉर्स' म्हणून एक फेरी असते, दोन गटांनी एकेक अख्खं हॉटेल उभं करून लोकांना जेवू घालायचं. ही गटाची प्रमुख. साथीदार बाईंच्या माशाच्या साराचा बोऱ्या वाजला. परीक्षकांपुढं हिनं त्या बाईंच्या अंगावर काही ढकललं नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि हीच बाहेर. ज्यांचं सार बिघडलं त्या आत! मी टीव्ही बंद करून झोपायला गेले. आमचे हे म्हणाले, "तुझी कोण लागते ती?"

शाळेतसुद्धा चाचणी, सहामाही, वार्षिक सगळं धरतात. इथं का नको? मतं सांगा.

अजिंक्यतारा

ताई, नियम बरोबर आहे. शाळेचं उदाहरण इथं लागू नाही, कारण शाळेत जेवायला कुणी जात नाही. आमच्या साताऱ्यात राजवाड्याकडं संध्याकाळी गाड्यावर उभं राहा. मागच्या रविवारी मिसळ झकास होती म्हणून आजचा करपका कट मुकाट्यानं खाऊन कोण पैसे देतं? धंद्यात माणसाची पारख आजच्या ताटावरच होते. ही धंदेवाल्यांची स्पर्धा आहे.

आणि अर्धीच गोष्ट सांगितलीत. बाहेर गेलेल्यांसाठी 'लास्ट चान्स किचन' असतं. क्रिस्टन त्यातून लढत परत आली आणि ते पर्व तिनंच जिंकलं. आधीच्या सूत्रसंचालक पद्मा लक्ष्मी यांनी कार्यक्रम सोडल्यावर २०२४ पासून सूत्रसंचालन तीच करते. मग अन्याय कुठं झाला?

कृष्णाकाठची, सांगली

मागच्या दारानं परत आली म्हणून पुढच्या दारातून हाकललेलं बरोबर ठरतं होय? आणि ती जिंकली याचाच अर्थ तुमच्या आजच्या ताटानं माणूस ओळखण्यात चूक केली होती.

भडंगप्रेमी

ताईंना +१. हा नियम आमच्या घरात लागला तर मी पहिल्याच सोमवारी सुरी (आहे ती एकच, तीही बोथट) गुंडाळून माधवनगरला आईकडं. हलकेच घ्या.

मिरजेची सून

मुळात तुम्ही दोघं कशावरून भांडताय? तुमच्यापैकी एकानं तरी ते सार चाखलंय? आपल्याला टीव्हीत वास येत नाही, चव येत नाही. दिसतो तो परीक्षकाचा चेहरा, आणि तोही कापून जोडलेला. चेहरे बघून मीठ ओळखायचं असेल तर मी आमच्या मामंजींचा चेहरा रोज बघते, तेवढा अनुभव पुरे आहे.

याच कार्यक्रमाचं भावंड होतं 'टॉप शेफ मास्टर्स'. त्यात २०११ साली मुंबईत जन्मलेले फ्लॉइड कार्डोझ जिंकले, अभिमान वाटला, पण अंतिम फेरीत केलं काय, तर उपमा! रानअळंबीचा, कोकम आणि नारळाचं दूध घालून. लहानपणी खाल्लेला पदार्थ म्हणून आठवण सांगितली, परीक्षक विरघळले, आणि एक लाख डॉलर. माझ्या सासूबाई तीस वर्षं उपमा करताहेत, त्यांना कुणी दहा रुपये ओवाळून टाकले नाहीत. कहाणी जिंकते हो, पदार्थ नाही.

अजिंक्यतारा

एक दुरुस्ती: ते लाख डॉलर कार्डोझांच्या खिशात गेले नाहीत. 'मास्टर्स'मध्ये नाव कमावलेले शेफ उतरायचे आणि बक्षीस आपण निवडलेल्या संस्थेला द्यायचे. त्यांनी कर्करोगाच्या संशोधनाला दिलं. न्यूयॉर्कमध्ये 'तबला' नावाचं हॉटेल चालवलेला माणूस होता तो, कहाणीवर जगणारा नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनानं गेले.

वाळवेकर

मिरजेच्या वहिनींशी सपशेल असहमत. उपम्याला लपायला जागाच नसते. मटणात मसाला सावरून घेतो, उपमा तुम्हाला उघडं पाडतो.

मी स्वतः शिकलो ते चाळिशीत, बायकोचा हात मोडला तेव्हा. रवा भाजताना आधी उलथनं जड चालतं, ओल्या वाळूत फिरवल्यासारखं. मग रवा हलका होतो आणि सळसळ आवाज येतो. त्या आवाजानंतर मिनिटभर दुर्लक्ष झालं की गेला. पाणी खळखळतं नसेल तर गुठळ्या. झाकण लवकर काढलं तर कचकच लागतो, उशिरा काढलं तर लगदा. पहिले चार दिवस बायको प्लास्टरमधला हात पोटाशी धरून ओट्याजवळ खुर्चीवर बसायची आणि काही बोलायची नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आज खाल्ला जातोय."

आणि नारळाच्या दुधात कोकम घालून ते गरम करून बघा एकदा. फाटतं. सोलकढी आपण उगाच गार ठेवत नाही. असला पदार्थ अंतिम फेरीत, जगभरातलं खाल्लेल्या परीक्षकांपुढं ठेवायला छाती लागते.

मिरजेची सून

बरं बाबा, उपमा अवघड. पण मग सासूबाईंचे तीस वर्षांचे लाख डॉलर कुणाकडं मागायचे ते सांगा.

झारा

मी लिहीत नाही फारसा, वाचतो. तासगाव भागात आचारी आहे, बावीस वर्षं झाली. टॉप शेफ पोरानं मोबाइलवर दाखवलं तेवढंच. पण ताईंनी ते साराचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

दोन वर्षांमागं मे महिन्यात लग्नाचं काम होतं, आठशे पान. पहाटे तीनला भट्ट्या पेटवल्या. मसालेभाताची तीन मोठी पातेली. मधल्या पातेल्याच्या आधणात मीठ टाकून मी मठ्ठ्याकडं गेलो. हाताखाली नवीन पोरगं होतं. त्याला वाटलं मालक विसरले, त्यानं परत टाकलं. चांगल्या मनानंच टाकलं. साडेअकराला शीत दाताखाली धरलं आणि माझ्या पोटात गोळा आला. अक्षता साडेबाराला.

दुसऱ्या भट्टीवर पांढरा भात लावला, मोकळा केला आणि त्यात मिसळला. खारटपणा बसला, पण मसाला पांगला, आणि रंग असा झाला की बघितल्यावरच कळावं. पहिल्याच पंगतीत नवरीचे मामा मोठ्यानं म्हणाले, "आचारी बदलला काय रं?" हसले सगळे. मी पडद्यामागं झारा धरून उभा.

नंतर यजमान मागं आले, कुणी केलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडनं झालं. पोरगं बाजूला काकडी चिरत होतं, त्यानं मान वर केली नाही. पैसे ठरलेले सगळे दिले, माणसं चांगली होती. पण त्या भावकीतलं काम परत आलं नाही. त्याआधी त्यांची बारशापासून बाराव्यापर्यंत अकरा कामं केली होती मी. त्या अकरांतलं एक पातेलं कुणाला आठवलं नाही.

तर ताई, हा नियम टीव्हीवाल्यांच्या आधीपासून आमच्याकडं आहे. बरोबर आहे असं मात्र माझ्याच्यानं म्हणवत नाही.

कृष्णाकाठची, सांगली

झारादादा, तुमचं वाचून ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते पोरगं आता कुठं असतं?

झारा

माझ्याकडंच. काढून टाकलं असतं तर दुसरीकडं जाऊन परत टाकलंच असतं मीठ. आता आम्ही मीठ पडलं की पातेल्याच्या कडीला कढीपत्त्याची डहाळी अडकवतो. डहाळी दिसली की त्या पातेल्याला मिठाचा हात लावायचा नाही. त्यानंच काढली ही युक्ती.

अजिंक्यतारा

दादा, मानलं तुम्हाला. पण माझा मुद्दा तुम्ही पक्का केलात असंच मी धरतो. मुख्य आचारी म्हटलं की पातेलं कुणाचंही असो, ऐकून घ्यायचं त्यानंच. क्रिस्टनला परीक्षकांनी काढलं ते याच हिशेबानं.

वाळवेकर

ऐकून घेणं वेगळं आणि घरी जाणं वेगळं, अजिंक्यतारा. दादांनी त्या पोराला ठेवलं ना? परीक्षक दादा असते तर दोघीही आत राहिल्या असत्या आणि कार्यक्रम तीन भागांत बंद पडला असता, ते सोडा.

कृष्णाकाठची, सांगली

मी माझं म्हणणं थोडं बदलते. मागचे सगळे गुण धरू नका. पण खालचे दोघं सारखेच पडले असतील तेव्हा तरी मागचं काम बघा. आणि गटाच्या फेरीत प्रमुखाबरोबर ज्याचं पातेलं त्यालाही उभं करा.

अजिंक्यतारा

उभं करतातच की, दोघींनाही केलं होतं. आणि मागचं धरायला लागलात की पहिल्या चार फेऱ्या मारलेला माणूस पुढं निवांत वरण-भात लावून बसेल. धोका घेणार कोण मग?

पुण्यात_शिकतेय

आई!! तू असलं काही लिहितेस हे मला मावशीकडून कळावं?

असो, आलेच आहे तर बोलते. मी आईच्या विरोधात आहे (घरी आल्यावर बघू). तुम्ही सगळे ताटावर आणि प्रमुखावर बोलताय, हाताबद्दल कुणीच नाही. बीबीसीचं 'मास्टरशेफ : द प्रोफेशनल्स' बघा, २००८ पासून आहे. त्यात स्किल्स टेस्ट असते. परीक्षक ते काम आधी स्वतः करून दाखवतात, ते स्पर्धकानं बघितलेलं नसतं. मग एकेकाला आत बोलवायचं आणि तेच करायला लावायचं, मोजक्या मिनिटांत. मासा सोलताना मोठ्या हॉटेलातल्या माणसाचे हात थरथरताना दिसतात. तिथं कहाणी नाही, मागचे गुण नाहीत, साथीदार नाही. मिरजेच्या काकूंचीही तक्रार मिटते, कारण चव कळली नाही तरी काटे राहिलेले आपल्याला डोळ्यांनी दिसतात.

आमच्या प्रॅक्टिकलला असंच असतं. मागच्या वेळी माझं मेयोनीज फुटलं होतं. हे आईला सांगितलेलं नाही, आता कळेल.

कृष्णाकाठची, सांगली

कळलं. फोन कर.

मिरजेची सून

हात थरथरतात ते कॅमेऱ्यामुळं, बाळ. माझ्यावर कॅमेरा लावला तर मला पोळी लाटता येणार नाही. बाकी बघते तुझी ती स्किल्स टेस्ट.

भडंगप्रेमी

अवांतर : झारादादा, डहाळीची पद्धत आमच्या घरी कालपासून सुरू केली. पहिल्याच दिवशी आमटी अळणी झाली. बायकोनं डहाळी बघितली आणि मीठ टाकलं नाही. ती डहाळी मी फोडणीसाठी काढून ठेवलेली होती.