मुंबईत स्वस्तात कुठे जेवता? खान्देशकरांनो, आपापले अनुभव लिहा

बठ्ठासले राम राम. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडून मुंबईला जाणं काही थांबत नाही, कोणाचं मंत्रालयात काम, कोणाची परीक्षा, कोणाचा पेशंट. गाडीभाडं आधीच माहीत असतं म्हणून त्याची तजवीज होते, पण तिथं गेल्यावर घरातले चार जण दोन वेळा जेवले की पैसे कुठे गेले समजत नाही. तर जागा, वेळ, काय खाल्लं, सगळं लिहा. मी सुरुवात करतो. सीएसएमटीला उतरलं की समोरच आराम आहे, तिथला वडापाव, वर चहा, सकाळ निघते. आणि पाणी स्टेशनातच घ्या, रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना झालीये.

रावेरचा केळीवाला
आम्ही शेतकरी लोक आझाद मैदानावर जातो तेव्हा पहिल्या दिवसाचं घरचंच असतं. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि दशम्या, त्या दुधात भिजवलेल्या असल्या की दुसऱ्या दिवशीपण मऊ राहतात. दुपारी मात्र गरम खायचं. फोर्टात आतल्या गल्ल्यांमध्ये उडपी हॉटेलं आहेत, तिथे राइस प्लेट मागायची, पाटीवरचं बाकी काही बघायचं नाही. ऑफिसवाल्यांची गर्दी एकच्या सुमाराला होते म्हणून आपण बाराला बसायचं, निवांत जेवण होतं आणि भाजीपण ताजी असते.

धुळेकर
दादरला प्रकाश. साबुदाणा वडा आणि पियूष. टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसवतात, बसायचं.

चोपड्याची सून
माझं जरा लांबेल, पण लिहितेच, कारण आपल्याकडून परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणारे खूप आहेत आणि तिथे गेल्यावर पेशंटचं बघता बघता सोबतचा माणूस उपाशी राहतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या दिरांची ट्रीटमेंट परळला चालली होती. दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटांची आणि नातेवाइकांची तिथे सोय होते, आधी तिथे चौकशी करा. हॉस्पिटलच्या बाहेर सेवाभावी लोक अन्न वाटतात, रांगेत उभं राहायला लाजू नका हो, तिथं सगळे आपल्यासारखेच असतात. मला पहिल्यांदा हात पुढे करवत नव्हता, मग मागच्या साताऱ्याच्या काकूंनीच माझ्या हातात ताट दिलं.
पेशंटला मात्र ते तिखट चालत नाही. केमो चालू असताना बाहेरची कच्ची कोशिंबीर, चटणी, गाडीवरचा ज्यूस देऊच नका, तोंड आलेलं असतं आणि इन्फेक्शनची भीती वेगळी. गरम इडली, मऊ वरणभात, हे कुठल्याही उडप्याकडे मिळतं, "तिखट नको, पेशंट आहे" म्हटलं तर ते लोक साधं करून देतात. परळ-लालबाग म्हणजे जुना गिरणगाव, गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या बायांच्या खाणावळी इथल्याच. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये ह्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या भागात घरगुती डबा अजूनही मिळतो, वॉर्डातल्या मावश्यांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. जेवा आणि मग वॉर्डात जा, दिवसभर तुम्हालाच पळायचं असतं.

रावेरचा केळीवाला
ताई, फार मोलाचं लिहिलंत. आमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो.

अमळनेरकर
पोटभर जेवायचं तर माटुंगा ईस्ट, स्टेशनला लागूनच रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 पासूनचं. केळीच्या पानावर वाढतात, हवं तेवढं. आपली भाकरी नाही, शेवभाजीचा तिखटपणा नाही, पण रसम-भात असा की वडिलांनी तीनदा मागितला, आणि आमचे वडील बाहेर कधी काही मागत नाहीत. ते जेवले की संध्याकाळी फक्त चहा-बनमस्का पुरतो. सोमवारी बंद असतं, बघून जा.

शिरपूरचा इंजिनिअर
बिल वाचा! एका एसी हॉटेलात आमच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावून आणला, मी म्हटलं हा काढा. मॅनेजर कुरकुरला पण काढला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरलं. जीएसटी वेगळा, तो द्यावा लागतो. आपली माणसं मोठ्या हॉटेलात बोलायला बिचकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नंदुरबारची, एमपीएससी करतेय
मुलींनी एकटीने कुठे जेवायचं हा प्रश्न मलापण होता. दादर ईस्टला गुरुद्वारा आहे, लंगरला कोणालाही बसता येतं, डोकं झाकायचं, ओढणी असतेच, आणि ताटात टाकायचं नाही. नंतर थोडा वेळ भांडी घासायला थांबले, बरं वाटलं. शिवभोजन केंद्र जवळ असेल तर तेही बघा, 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली 10 रुपयांची थाळी, पण ताटं ठरावीक असतात, लवकर जावं लागतं.

भुसावळ, रेल्वेवाला
परतीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बऱ्याच मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्याजवळ जनता खाना मिळतो, 20 रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं. रिझर्व्हेशनवाल्यांनाही देतात. गाडीत विकायला येणारा दुप्पट सांगतो, त्याच्या नादी न लागता चढायच्या आधी घेऊन ठेवा.